स्कोलिओसिस : ऑपरेशनच्या अलीकडची वाट

दिवाळीच्या आधी लेकीचं परकर-पोलकं शिवायला टाकायला गेले होते. माप घेता घेता शिवणवाल्या ताई थांबल्या, टेप पुन्हा लावली आणि म्हणाल्या, "हिचा उजवा खांदा वर आहे हो. दोन्हीकडं सारखं माप धरलं तर पाठीत झोळ येईल." लेक तेव्हा साडेअकरा वर्षांची. मी रोज तिच्या मागे बसून वेणी घालत होते, आणि मला ते दिसलं नव्हतं.

पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं, "वाढीचं वय आहे, उंची वाढली की आपोआप सरळ होईल." एक्स-रे काढायला सांगितला नाही. आम्ही निर्धास्त झालो. पुढच्या सहा महिन्यांत तिची उंची चार सेंटिमीटर वाढली आणि पाठीचा बाकही वाढला. उंची झपाट्याने वाढते तेव्हाच हा बाकही सगळ्यात वेगाने वाढतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तुमचे ते सहा महिने वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. लेकीबरोबर चार वर्षं या वाटेने चालले, आणि मधेच माझ्या स्वतःच्या पाठीतही तोच बाक निघाला, त्यामुळे दोन्ही वयांतलं थोडं जवळून पाहिलं आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. ऑपरेशनशिवायच्या उपचारांनी कणा फूटपट्टीसारखा सरळ होत नाही. वाढत्या मुलांत त्यांचं काम बाकाला जिथल्या तिथे रोखण्याचं असतं. मोठ्या माणसांत दुखणं कमी करणं, ताकद टिकवणं आणि रोजची कामं सुरळीत होणं, एवढ्यासाठी ते करायचे. "तीन महिन्यांत मणका सरळ करून देतो" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून उठा.

नेमकं काय झालेलं असतं

स्कोलिओसिसमध्ये कणा डावी-उजवीकडे वळतो, आणि वळता वळता पिळतोही. ओला पंचा पिळल्यासारखे मणके स्वतःभोवती थोडे फिरतात, त्यांच्याबरोबर बरगड्या फिरतात, आणि म्हणून एका बाजूचा फरा वर आलेला दिसतो. पोक किंवा कुबड निराळं, त्यात पाठ पुढे वाकते. एक्स-रेवर बाकाचा कोन १० अंश किंवा त्याहून जास्त भरला तरच त्याला स्कोलिओसिस म्हणतात. वाढत्या वयातल्या शंभरांत दोन-तीन मुलांना तो असतो, आणि बहुतेकांत कारण सापडत नाही. छोटे बाक मुलांत आणि मुलींत जवळपास सारखेच आढळतात, पण वाढत जाऊन उपचारापर्यंत पोहोचणारे बाक मुलींत कितीतरी जास्त.

दप्तराच्या ओझ्याने तो होत नाही. वाकडं बसल्याने, कुशीवर झोपल्याने, मोबाइलमध्ये मान घालून बसल्यानेही होत नाही. मी लेकीला वर्षभर "नीट बस, नीट बस" म्हणून टोकत होते, त्याचं मला आजही वाईट वाटतं. घरात कुणी आईला किंवा मुलीला दोष देत असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

पायरी पहिली : ओणवं करून बघा

याला काही उपकरण लागत नाही. मुलीला पाठ उघडी ठेवून किंवा पातळ बनियन घालून, पाय जुळवून, उजेडाकडे तोंड करून उभं करा. दोन्ही तळवे जोडायला सांगा आणि हात खाली सोडत, गुडघे न वाकवता हळूहळू ओणवं व्हायला सांगा. तुम्ही मागे खुर्चीवर बसा, तुमची नजर तिच्या पाठीच्या रेषेत यायला हवी. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर डॉक्टरांकडे जायचं. विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रज सर्जनने ही तपासणी १८६५ साली सांगितली आणि आजही तपासणीची सुरुवात हिच्यापासूनच होते. डॉक्टर पाठीवर स्कोलिओमीटर नावाची, गवंड्याच्या पाणसळीसारखी छोटी पट्टी ठेवतात. त्यावर ५ ते ७ अंश किंवा जास्त आले तर पुढे जायचं ठरवतात.

सरळ उभं असतानाही बघा. खांदे सारखे आहेत का? कमरेच्या दोन्ही बाजूंची खळगी सारखी आहे का, की एका बाजूला हात आणि कंबर यांच्यामध्ये जास्त फट दिसते? गणवेशाच्या स्कर्टची कड एका बाजूला वर जाते का? कधी कधी एक पाय आखूड असल्यामुळेच कणा वाकलेला दिसतो. अशा मुलीला खुर्चीवर बसवलं की पाठ सरळ होते. तिथे बुटात उंची घालून काम भागतं.

पायरी दुसरी : एक्स-रे, पण नीट

एक्स-रे उभ्याने काढलेला हवा. झोपवून काढला तर बाक कमी दिसतो. मानेपासून कमरेच्या हाडांपर्यंत सगळा कणा एकाच फोटोत यायला हवा, कारण कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवरूनच वाढ किती उरली आहे ते कळतं. आणि किरण पाठीकडून पुढे जातील असा काढायला सांगा, म्हणजे छातीला किरणं कमी लागतात. वाढीच्या काळात असे बरेच एक्स-रे होणार असतात, त्यामुळे हे सांगायला संकोचू नका. काही मोठ्या ठिकाणी कमी किरणांचं ईओएस यंत्र असतं. जवळ असेल तर ते बघा.

प्रत्येक एक्स-रेची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. नुसत्या कागदावरच्या रिपोर्टवर समाधान मानू नका.

पायरी तिसरी : दोन आकडे समजून घ्या

पहिला आकडा कॉब कोनाचा. अमेरिकेतल्या जॉन कॉब यांनी १९४८ साली सांगितलेली पद्धत : बाकाच्या वरच्या टोकाला सगळ्यात कललेल्या मणक्यावर एक रेघ, खालच्या टोकाला तशीच एक, आणि दोन्हींमधला कोन. यात एक गोष्ट आम्हाला खूप छळून गेली. एकाच एक्स-रेवर दोन माणसांनी मोजलं तरी ४-५ अंशांचा फरक पडू शकतो. आमच्या दुसऱ्या एक्स-रेत ३ अंश वाढलेले दिसले तेव्हा मी रात्रभर झोपले नाही. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "तीन अंश म्हणजे पेन्सिलची जाडी. पाच किंवा जास्त वाढले तर मी काळजी करेन." शक्यतो एकाच डॉक्टरांनी, त्याच मणक्यांवर मोजलेले कोन एकमेकांशी ताडून बघा.

दुसरा आकडा वाढीचा, आणि घरी नेमका तोच विसरला जातो. कमरेच्या हाडाच्या कडेवर हाडाची एक पट्टी हळूहळू तयार होत जाते, तिच्यावरून ० ते ५ अशी रिसर पायरी ठरते. ० म्हणजे बरीच वाढ बाकी, ५ म्हणजे वाढ पूर्ण. हल्ली हाताच्या पंजाचा एक्स-रे काढूनही वाढीचं वय ठरवतात आणि ते जास्त नेमकं कळतं. मुलींची सर्वांत वेगवान वाढ पहिली पाळी येण्याच्या आधी होते, मुलग्यांची दोनेक वर्षं उशिरा. म्हणून २५ अंशांची अकरा वर्षांची, पाळी न आलेली मुलगी आणि २५ अंशांची सोळा वर्षांची मुलगी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. पहिलीला उपचार आत्ता हवा. दुसरीला बहुधा नुसतं लक्ष ठेवणं पुरतं.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करत दर तीन महिन्यांनी उंची लिहून ठेवा. आमच्या डॉक्टरांना आमची ती वही फार आवडायची.

दोन्ही आकडे हातात आले की साधारण हिशेब असा असतो. वाढ चालू आहे आणि कोन २५च्या आत आहे, तर दर चार ते सहा महिन्यांनी तपासणी आणि व्यायाम. २५ ते ४०, आणि वाढ बरीच बाकी आहे, तर ब्रेस, म्हणजे अंगाभोवती घालायचं कवच. ४५-५०च्या पुढे गेलं तर ऑपरेशनबद्दल सर्जनशी बोलायचं. वाढ संपताना कोन ३०च्या आत राहिला तर पुढे आयुष्यात तो सहसा वाढत नाही. ५०च्या वर गेलेले छातीच्या भागातले बाक मोठेपणीही सावकाश वाढत राहतात, वर्षाला सुमारे एक अंश. सगळी धडपड का करायची ते या दोन वाक्यांत आहे.

पायरी चौथी : ब्रेस

ब्रेसचं नाव काढलं की घरातली मोठी माणसं घाबरतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर गळ्यापर्यंत लोखंडी सळ्यांचा सांगाडा असतो. तो मिलवॉकी ब्रेस, १९४६ सालचा. आजचा ब्रेस काखेखालून कमरेपर्यंत येणारं प्लॅस्टिकचं कवच असतं. बॉस्टन आणि शेनो हे त्यातले नेहमीचे प्रकार, आणि फक्त रात्री घालायचेही काही असतात. आत ठिकठिकाणी पॅड असतात, ते फुगलेल्या बाजूला दाबतात, आणि समोरच्या बाजूला मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली असते, म्हणजे शरीर तिकडे सरकतं. गणवेशाखाली तो बऱ्यापैकी लपतो.

ब्रेसचा उपयोग होतो का? होतो, आणि हे आता नीट तपासलेलं आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या २५ केंद्रांत झालेल्या ब्रेस्ट (BrAIST) नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली आले. १० ते १५ वयाची, २० ते ४० अंशांचा बाक असलेली, वाढ बाकी असलेली मुलं त्यात होती. ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, न घातलेल्यांत ४८ टक्के मुलांचा. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास वेळेआधीच थांबवला. ब्रेसमध्ये तापमान मोजणारी चकती बसवली होती, म्हणून मुलांनी प्रत्यक्षात किती तास घातला ते कळलं. दिवसाला सरासरी १३ तासांच्या पुढे घालणाऱ्यांत यश ९० टक्क्यांवर गेलं. ६ तासांपेक्षा कमी घालणाऱ्यांची गत न घालणाऱ्यांसारखीच राहिली. म्हणजे कपाटात ठेवलेला ब्रेस काही करत नाही. डॉक्टर सहसा १८ किंवा त्याहून जास्त तास सांगतात, त्यातले काही बुडणार हे धरूनच.

ब्रेस तयार दुकानातून घ्यायचा नसतो. छातीचा आणि कमरेचा साचा किंवा स्कॅन घेऊन ऑर्थोटिस्ट तो बनवतात. ऑर्थोटिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा, आणि स्कोलिओसिसचे ब्रेस त्यांनी याआधी केले आहेत का तेही. औषधाच्या दुकानात मिळणारा कमरेचा पट्टा किंवा खांदे मागे ओढणारा पट्टा यासाठी उपयोगाचा नाही. मुंबईत हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे असे कृत्रिम अवयव आणि ब्रेस बनवणारी कार्यशाळा आहे. खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही चौकशी करा. मुलगी वाढतेय, तेव्हा ब्रेसही एकदा तरी बदलावा लागतो. तो खर्च आधीच धरून चाला.

साच्याच्या दिवशी मुलीला जवळजवळ उघडं उभं राहावं लागतं. बारा वर्षांच्या पोरीला त्याची किती लाज वाटते! आधीच फोन करून बाई कर्मचारी असतील का ते विचारा आणि अंगाला बसणारा पातळ बनियन घालून न्या. आमच्याकडे मी हे विचारलं नव्हतं. तिने घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

ब्रेस आला की महिना-दीड महिन्यात तो घालून एक एक्स-रे काढतात. ब्रेसच्या आत कोन जवळपास निम्मा व्हायला हवा. लेकीचा २९ अंशांचा बाक ब्रेसमध्ये १४ दिसला, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की हे निभेल. कोन फारसा कमी झाला नसेल तर पॅड पुन्हा बसवून घ्या. त्याबाबतीत भीड ठेवू नका.

आता रोजचं. पहिल्याच दिवशी १८ तास होत नाहीत. दोन तासांपासून सुरुवात करून दहा-पंधरा दिवसांत वाढवत न्या. आत शिवण नसलेला किंवा उलटा घातलेला सुती बनियन, घट्ट आणि सुरकुती न पडणारा. रोज तीन बनियन लागतात, मे महिन्यात चार. ब्रेसखाली तेल, क्रीम लावू नका, कातडी मऊ पडते आणि सोलते. ब्रेस काढल्यावर पॅडच्या जागी लालसर दिसणं ठीक आहे, पण अर्ध्या तासात ते मावळायला हवं. तसंच राहिलं, किंवा फोड आला, तर ऑर्थोटिस्टला दाखवा. घरी कानस घेऊन ब्रेस घासू नका. ब्रेस सौम्य साबणाने पुसून सावलीत वाळवा, उन्हात प्लॅस्टिक वाकतं. पट्टा किती ओढायचा त्यावर पेनाने रेघ मारून ठेवा. नाहीतर रोज एक बोट सैल होत जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

पोट दाबलं जातं, म्हणून एकदम भरपेट नको, थोडं थोडं चारदा द्या. पाटावर मांडी घालून जेवणं जमत नाही, मग आम्ही सगळेच टेबलाशी बसायला लागलो, तिला एकटीला वेगळं वाटू नये म्हणून. भारतीय पद्धतीच्या संडासात ब्रेस घालून बसता येत नाही. शाळेत कमोड आहे का हे शाळेला आधी विचारा. ही गोष्ट कुणी सांगत नाही आणि मुलगी संकोचाने दिवसभर पाणी पीत नाही. वर्गात बेंचवरून खाली पडलेलं पेन उचलता येत नाही, म्हणून शेजारच्या मैत्रिणीला विश्वासात घ्यावं लागतं. वर्गशिक्षिकांना ब्रेस एकदा हातात देऊन दाखवा. खेळाच्या तासाला ब्रेस काढायचा आणि खेळायचं. खेळातून सूट मागू नका. धावणं, कबड्डी, नाच, पोहणं सगळं चालतं. उसेन बोल्टला जन्मापासून स्कोलिओसिस आहे, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

एक दिवस शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, आज वाढदिवसाला सगळ्या एकमेकींना मिठी मारत होत्या. मला मारली की टक्क वाजतं." मला काय बोलावं कळेना. मग तीच म्हणाली, "मी आता आधीच सांगते, टक्क वाजणारे." तास भरण्यापेक्षा हे असलं सगळं त्यांना जास्त जड जातं. रागाने ब्रेस भिरकावला तर त्या रात्री भांडू नका. आम्ही भिंतीवर कागद लावला होता आणि तास तीच लिहायची, मी विचारायचे नाही. आठवड्यात एक संध्याकाळ मोकळी ठेवायची हे डॉक्टरांशी बोलून ठरवलं होतं.

ब्रेस कधी सुटतो? उंची सहा महिने वाढलेली नसेल, पाळी येऊन दोन वर्षं झाली असतील, रिसर ४ च्या आसपास असेल, तेव्हा. एकदम नाही, तास कमी करत करत. सोडल्यावर काही अंश परत येतात, त्याची तयारी ठेवा. लेकीचा शेवट ३० अंशांवर झाला. सुरुवातीला २९ होता. नातेवाईक म्हणाले, "मग एवढं करून काय मिळालं?" वाढीची अडीच वर्षं गेली आणि बाक जागच्या जागी राहिला, हेच मिळालं.

पायरी पाचवी : व्यायाम, पण आपल्या बाकाचा

स्कोलिओसिसचे खास व्यायाम असतात आणि ते साध्या पाठीच्या व्यायामांपेक्षा वेगळे. सगळ्यात परिचित पद्धत श्रॉथ. काथारिना श्रॉथ १८९४ साली जर्मनीत ड्रेस्डेनला जन्मल्या, त्यांना स्वतःला स्कोलिओसिस होता आणि सोळाव्या वर्षी पोलादी ब्रेस घालावा लागला होता. फुगा आतून हवा भरली की फुगतो, मग दबलेली बरगडी श्वासाने बाहेर का ढकलता येऊ नये, असा विचार करत त्यांनी आरशासमोर स्वतःवर प्रयोग केले आणि १९२१ पासून इतरांना शिकवायला सुरुवात केली. इटलीतली सीस ही दुसरी पद्धत, तिच्यात स्वतःची पाठ स्वतः जागेवर आणून त्या स्थितीत रोजची कामं करायला शिकवतात.

प्रत्यक्षात काय करायचं असतं ते सांगते. लेक कुशीवर झोपायची. फिजिओताईंनी तांदूळ भरून शिवलेल्या दोन पुरचुंड्या दिल्या होत्या. एक कमरेखाली, एक बरगडीखाली, अगदी बोटाने दाखवलेल्या जागी. मग मी तिच्या दबलेल्या बाजूच्या बरगड्यांवर तळहात ठेवायचा, आणि तिने नाकाने श्वास घेत माझा हात ढकलायचा. पहिला आठवडा काहीच कळलं नाही. नवव्या-दहाव्या दिवशी माझ्या तळव्याखाली बरगडी सरकली. अगदी थोडी, पण सरकली. श्वास सोडताना ती जागा सोडायची नाही, पोट आणि पाठ आवळून धरायची. असं आठ-दहा वेळा. मग आरशासमोर उभं राहून तेच. रोज अर्धा ते पाऊण तास.

बाक उजवीकडे छातीत आहे की डावीकडे कमरेत, की दोन्हीकडे, त्यावर पुरचुंडी कुठे ठेवायची आणि श्वास कुठे न्यायचा हे ठरतं. व्हिडिओ बघून करायला गेलात तर चुकीच्या बाजूला जोर लागू शकतो. म्हणून सुरुवातीला या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून एकदा तरी जा, मग महिन्यातून एकदा. गावात कुणी नसेल तर चार-पाच दिवस शहरात राहून शिकून या आणि नंतर व्हिडिओ कॉलवर दाखवत राहा.

व्यायामाने पाठीची ताकद वाढते, श्वास मोकळा होतो, छोट्या बाकांत कोनालाही काही अंशांची मदत होते. पण वाढत्या मुलीत ३० अंशांना नुसत्या व्यायामावर विसंबून ब्रेस टाळायचा, हा जुगार आहे. दोन्ही एकत्र करा.

योगाबद्दल सगळे विचारतात. योगाने अंग मोकळं राहतं, मन शांत होतं, करा. पण खूप पीळ देणारी आणि मागे कमान करणारी आसनं आमच्या फिजिओताईंनी बंद ठेवायला सांगितली होती. बारला लटकणं, मालिश, मणके कडाकडा वाजवून "बसवणं" यांनी कोन बदलत नाही. मालिशने बरं वाटतं, तेवढ्यासाठी ठीक आहे. मणके वाजवण्यापासून मात्र लांब राहा.

पायरी सहावी : मोठ्यांचा स्कोलिओसिस

लेकीच्या तिसऱ्या भेटीत डॉक्टर माझ्याकडे वळले. "आई, तुम्ही पण जरा ओणव्या व्हा." घराण्यात असतो हा, म्हणून. माझ्या कमरेत २४ अंशांचा बाक निघाला. ओट्याशी पोळ्या करताना वीस मिनिटांनी उजवी कंबर भरून येते, ते मी वयावर ढकलत होते.

मोठेपणी दोन प्रकार दिसतात. एक, लहानपणचा बाक जो आता दुखायला लागला. दुसरा, पन्नाशीनंतर मणक्यांमधल्या चकत्या आणि सांधे एका बाजूने झिजून कमरेत नव्याने तयार झालेला. दुसऱ्यात पाय दुखणं, मुंग्या येणं, थोडं चाललं की बसावंसं वाटणं आणि पुढे वाकलं की बरं वाटणं, अशी लक्षणं असतात. भाजीची ढकलगाडी धरून चालताना त्रास होत नाही पण सरळ चालताना होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. शीर कुठे दबते याचा त्यांना त्यावरून अंदाज येतो.

इथे अंशांच्या मागे लागायचं नाही. पोट, पाठ आणि नितंब यांची ताकद वाढवणारे व्यायाम आठवड्यातून चार-पाच दिवस. सपाट जमिनीवर चालणं, सलग जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून. पाण्यात चालणं दुखऱ्या पाठीला फार मानवतं. मी ओट्याखाली एक छोटा पाट ठेवलाय, एक पाय त्यावर, दर पाच मिनिटांनी पाय बदलायचा. पोळ्या आता पुऱ्या होतात. वजन आटोक्यात, आणि तंबाखू, मिश्री, सिगारेट बंद, कारण त्यांनी हाडं आणि चकत्या दोन्ही लवकर झिजतात. पाळी गेलेल्या बायकांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यावी आणि ड जीवनसत्त्व बघावं. ठिसूळ हाडाचा मणका एका बाजूने दबला तर बाक वाढतो.

दुखण्याच्या गोळ्या मनाने रोज घेऊ नका, मूत्रपिंडाला आणि जठराला सोसत नाहीत. पायात कळ जास्त असेल तर शिरेजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. त्याचा आराम काही आठवडे ते काही महिने टिकतो, आणि तेवढ्या वेळात व्यायाम बसवून घ्यायचा असतो. नाहीतर इंजेक्शन फुकट गेलं समजा. मोठेपणी ब्रेसने कोन सुधारत नाही. पण लग्नकार्य, प्रवास, जास्त उभं राहायचं असेल तेव्हा दोन-चार तास घातला तर पाठ तग धरते. दिवसभर घालून बसलात तर स्नायू आळशी होतात.

तरुण मुलींच्या आया मला हळूच विचारतात, बाळंतपणाचं काय? स्कोलिओसिसमुळे गरोदरपण अशक्य होत नाही, आणि मध्यम बाक असलेल्या बायकांची बाळंतपणं नेहमीसारखीच होतात. एवढंच की भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी भेटून एक्स-रे दाखवा, कारण पाठीत सुई घालायची जागा त्यांना आधी शोधून ठेवता येते. आणि "लग्न कसं जमणार" असं मुलीसमोर कुणी बोललं तर त्याच क्षणी थांबवा. माझ्या मुलीने ते दाराआडून ऐकलं होतं, आणि तो आठवडाभर तिने ब्रेस घातला नाही.

कधी थांबायचं नाही

यातलं काही दिसलं तर चार महिन्यांच्या पुढच्या तारखेची वाट बघू नका : रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पायात कमजोरी, बधिरपणा किंवा चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप, वजन घटणं आणि पाठदुखी एकत्र, कारण आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून आहे. दहा वर्षांच्या आतला बाक, छातीच्या भागात डावीकडे फुगवटा असलेला बाक, अंगावर बरेच कॉफीच्या रंगाचे डाग, कमरेवर केसांचा पुंजका, काही महिन्यांत झपाट्याने वाढलेला कोन, या सगळ्यांत डॉक्टर एमआरआय सांगतात. तो टाळू नका.

आणि कोन ४५-५०च्या पुढे गेला तर सर्जनचं मत घ्या. मत घेतलं म्हणजे लगेच ऑपरेशन करावंच लागतं असं नाही, आणि ऑपरेशन करावं लागलं तर आई-बाप म्हणून तुमचं काही चुकलं असंही नाही. सगळं नीट करूनही काही बाक वाढतातच.

घरात धाकटं भावंड असेल तर त्यालाही दर सहा महिन्यांनी ओणवं करून बघा, दहा वर्षांचं झाल्यापासून वाढ थांबेपर्यंत. माझा मुलगा आता अकराचा आहे. दर गुढीपाडव्याला आणि दर दसऱ्याला, नवे कपडे घालण्याच्या आधी, तो खिडकीसमोर ओणवा होतो आणि त्याची पाठ त्याची ताई तपासते.